लाकूड चावणारा किट्टू

त्या दिवशी शेडमध्ये कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे नंतर घोळ नको. मी होते. माझा धाकटा दीर किट्टू होता, त्याच्यासाठीच हे सगळं चाललं होतं. माझा मुलगा मोहन होता, दारात उभा, हातात कारची चावी फिरवत. मोहनची मुलगी रंजू पडद्यामागे होती, गिटार घेऊन. आणि नंजुंडा होता, पंख्याच्या मोटारी दुरुस्त करणारा, किट्टूचा दोस्त म्हणा नाहीतर वैरी म्हणा. एवढेच. गल्लीतले बाकीचे नंतर सांगत फिरले की आम्ही पण होतो, ते खोटं.

पण त्या दिवसाचं सांगायच्या आधी किट्टू कसा आहे ते सांगायला पाहिजे. किट्टू लाकूड चावतो.

हसू नका, खरंच चावतो. गिळत नाही. फळी उचलतो, कडेला दात रोवतो, बोटाच्या पेरानं दुसऱ्या टोकाला टकटक करतो आणि डोळे मिटतो. मग फळी काढतो, बाहीनं तोंड पुसतो आणि सांगतो, "आंबा आहे. गोड, पण आळशी." नाहीतर, "बीटे. दगडाच्या जातीचं. मान कडक." बीटे म्हणजे शिसवी, आमच्याकडे कन्नडात तसंच म्हणतात. मी म्हणते, तू लाकूड बघतोस का मुलगी बघतोस? तर म्हणतो, "मुलगी कशाला बघू? लाकूड बोलतं, वैनी. माणसं नुसती तोंड हलवतात."

हे त्याचं ठरलेलं. काहीही विचारा, शेवटी तेच. भात वाढू का? लाकूड बोलतं, वैनी. अरे, भाताचं विचारते मी! तोवर तो उठून खुर्चीचा पाय ठोकायला लागलेला असतो.

एका जागी बसणं त्याला ठाऊक नाही. बोटं सारखी चाललेली. गल्लीतनं जाताना कुणाच्याही चौकटीवर टकटक करतो. आतलं माणूस धावत येऊन दार उघडतं, की हा म्हणतो, "तुम्हाला नाही हो बोलावलं, चौकटीला बोलावलं," आणि पुढे चालू पडतो. आमच्या नात्यातल्या एका घरी सुतकात भेटायला गेलो होतो. सगळे गप्प बसलेले, आणि हा ज्या खुर्चीवर बसला तिच्याच हातावर वाकून दात लावतोय. घरधनी रडायचं सोडून बघत राहिला. मी चिमटा काढला तर मोठ्यानं म्हणतो, "सागवान नाही, पॉलिश मारून फसवलंय ह्यांना." तेव्हापासून त्या घरचं बोलावणं बंद आहे.

वरुणा नावाच्या खेड्यात एका गौळ्यानं गोठ्याचं जुनं दार काढून ठेवलं होतं. ते ह्यानं मागून आणलं, बसमधून. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. हा म्हणतो, उन्हात तडकेल. शेवटी दार सीटवर आणि हा उभा. शेणाचा वास घेऊन अख्खी बस म्हैसूरपर्यंत आली. त्या दाराची गिटार झाली. माझं पोळपाट असंच गेलं. फणसाचं होतं, सासूबाईंचं. एक दिवस चपात्या लाटायला बसले तर पोळपाट नाही. शेडमध्ये गेले तर त्याच्यावर तार ताणलेली, आणि हा वाकून चावतोय. तेव्हापासून मी स्टीलच्या ताटावर लाटते.

तर किट्टू गिटार करतो. करंटची. तिला पोट नसतं, भरीव फळीच असते. वर तारा, तारांच्या खाली एक बारीक डबी, तिला पिकअप म्हणतात. डबीत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वरची तार थरथरली की डबीला ते कळतं, ती वायरमधून स्पीकरला सांगते, आणि स्पीकर सगळ्या गल्लीला सांगतो. मला एवढं ऐकून ऐकून कळलं. दोघंजण रोज संध्याकाळी माझ्या कॉफीवर तेच भांडत असले तर कुणालाही कळेल.

कारण डबी करतो नंजुंडा. मोटारीची वायंडिंग करायचं त्याचं जे यंत्र आहे, त्याच्यावरच. आमच्या गल्लीतच वाढला, आमची भाषा बोलतो, मध्ये कन्नड घालून. तो म्हणतो, "एल्ला वायरु, अक्का!" म्हणजे सगळं वायरचंच काम. "तार हलते, चुंबक ऐकतं. एक वेटोळं असलं की आवाज तिखट, पण ट्यूबलाइट लावली की माशीसारखी गुणगुण. दोन वेटोळी उलटसुलट लावली की गुणगुण जाते, तिखटपण थोडं जातं. एवढंच शास्त्र. लाकूड काय? तारेला उभं राहायला जागा."

किट्टू उसळतो. "फणसाला आणि खोक्याच्या लाकडाला एकच आवाज? तोंड आहे की पन्हळ?"

"तुझ्या तोंडात लाकूड, माझ्या तोंडात सत्य."

"लाकूड बोलतं रे, नंजुंडा! तू नुसतं तोंड हलवतोस!"

किट्टूचं एक होतं, भांडायला नंजुंडाला नेहमी समोरच्या स्टुलावर, खिडकीच्या उजेडात बसवायचा. म्हणायचा, वैऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे. फोन तर घेतच नाही. म्हणायचा, प्लास्टिकशी काय बोलायचं? आम्ही हसायचो. त्याचं सगळंच असं, कशाकशाचं नवल करणार?

एकदा नंजुंडानं कहर केला. आमच्या मागच्या अंगणात कापड धुवायचा मोठा दगड आहे, रंगाच्या कामाच्या वेळचा. नंजुंडानं त्या दगडावर दोन खुंट्या बसवल्या, तारा ताणल्या, खाली डबी ठेवली आणि वाजवलं. मला तर गिटारच वाटली. नंजुंडा दगडाभोवती नाचला. "दगड बोलतो, किट्टप्पा! दगड बोलतो!" किट्टू उठला. दगडाजवळ गेला, दात लावले, आणि थुंकून आत गेला. त्या संध्याकाळी जेवला नाही.

आता दाताचं सांगते, कारण ते माझ्याकडूनच त्याला गेलंय.

आम्ही रंगारी लोक. कापड रंगवायचं, मग लाकडी ठशांनी त्याच्यावर वेलबुट्टी छापायची. माझे यजमान लवकर गेले. मोहन पाळण्यात होता, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि हा किट्टू शाळेत जायच्या वयाचा. काम येत होतं ते मला एकटीला. फणसाच्या अखंड झाडाचं लांब मेज आहे आमचं, त्याच्यावर कापड अंथरायचं, ठसा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा आणि वरून मुठीनं मारायचं. थप्प. पुढे सरकायचं. थप्प. उजाडल्यापासून दिवा लागेपर्यंत. हाताची कातडी गेली, नखं काळी झाली ती अजून पुरती पांढरी नाहीत. रडायला वेळ नव्हता, आणि रडून कापड डागळलं असतं. झालं ते झालं.

रंगाचे हात ठशाच्या मुठीला लावता येत नाहीत, घसरते. मग लहान ठसा दातात धरायचा. आणि दातात आहे तोवर त्याला बोटानं ठोकायचं. आतून फुटला असेल तर दाताला कळतं, कानाला नाही. चिरलेला ठसा दाढेत खरखरतो. चांगला असला तर आवाज सरळ कवटीत जातो. सासूबाईंनी मला असंच शिकवलं. किट्टू मेजाखाली बसून अभ्यास करायचा. वर बघून म्हणायचा, मला दे, मला दे. मी त्याच्या दातात ठसा द्यायची आणि ठोकायची. त्याचे डोळे केवढे व्हायचे! माझ्या कामात तेवढीच गंमत होती.

पुढे मशीनची छपाई आली, ठसे पेटीत गेले. आता दसऱ्याला आयुधपूजेत काढतो, कुंकू लावतो, परत ठेवतो. किट्टू ऑर्केस्ट्रात लागला, गणपतीत, लग्नात गिटार वाजवायचा. माणसाएवढ्या स्पीकरला टेकून उभा राहायचा. म्हणायचा, अंगात आलं पाहिजे. लग्न केलं नाही. मी दोनचार ठिकाणं बघितली, तर मुलीकडच्यांच्या पाटाला दात लावून आला. ऑर्केस्ट्रा सुटला, मग ही शेड. आमची जुनी छपाईची शेड, त्यात ते मेज, आणि मेजावर किट्टूची सगळी भानगड.

आता त्या दिवसाचं.

मोहननं कार घेतली. गल्लीत लावली की रोज कुणीतरी भांडायला येतं, कुणीतरी आरसा मोडून जातं. मोहन बिचारा ऑफिसात बसून सुद्धा कारचाच विचार करतो. त्यानं ठरवलं, शेड पाडायची, कार आत घ्यायची. गौंडी सोमवारी येणार म्हणून सांगूनही टाकलं. किट्टूला सांगितलं तर तो म्हणाला, लाकूड बोलतं. मोहन चिडला. "काका, कुणाला तरी विकली का आजवर एक तरी गिटार? त्या लाकडानं काही फरक पडत नाही, नंजुंडामामा रोज सांगतो!"

नंजुंडा तिथेच होता. त्याला वाटलं, आता मजा येणार. म्हणाला, "परीक्षा घेऊ. दोन गिटारी, एक फणसाची, एक खोक्याच्या लाकडाची. दोन्हीत माझी सारखी डबी, सारख्या तारा. रंजू पडद्यामागे वाजवेल. किट्टप्पानं नुसतं ऐकून ओळखलं तर शेड राहिली. नाही ओळखलं तर पाडा."

मी म्हटलं, नंजुंडा, सुम्ने काहीतरी बोलू नकोस. सुम्ने म्हणजे उगीच. पण मोहन म्हणाला, चालेल. आणि किट्टू त्या दोघांच्या तोंडाकडे बघत होता, इकडून तिकडे, इकडून तिकडे. मग त्यानं मान हलवली. चालेल.

जुनी छापील चादर दोरीवर टाकली. पलीकडे मेजाच्या एका टोकाला रंजू, गिटार मेजावर टेकवून. अलीकडे किट्टू. स्पीकर खाली जमिनीवर. माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं. उठले, बसले, कॉफीचे लोटे उचलले, परत ठेवले. गौंडी सोमवारी. शेड गेली तर हा जाणार कुठे? घरात बसवला तर देव्हारा चावून काढेल.

रंजूनं वाजवलं. मला काय कळणार! मोहन म्हणाला, "काही नाही, दोन्ही सेम." किट्टू मेजावर पुढे वाकून बसला होता, हनुवटी टेकून. म्हणाला, "फणस."

रंजू आतून ओरडली, "करेक्ट!"

परत वाजलं. "खोका. भुसा भरलाय नुसता."

"करेक्ट, आजोबा!"

परत. "फणस. परत तोच फणस, मला फसवते होय गं?"

मोहनच्या हातातली चावी थांबली. मला तर देवाला नारळ कबूल करावासा वाटला. तेवढ्यात नंजुंडा खाली वाकला, आणि ओरडला, "अय्यो! मेजाला दात लावलेत ह्यानं! मोसा! मोसा!" फसवणूक म्हणून कन्नडात असं ओरडतात. "हे ऐकणं नव्हे! लोक गिटार ऐकायला काय स्टेज चावतात? कानानं सांग! उठ तिथून!"

किट्टूला ओढून बाहेर अंगणात नेलं, त्याच धुवायच्या दगडावर बसवलं, आमच्याकडे पाठ करून. स्पीकर दारात आणला. नंजुंडा हसून हसून लाल झालेला. मी म्हटलं, पुरे, पण कुणी ऐकेना.

रंजूनं वाजवलं. चांगलं जोरात वाजवलं, समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

किट्टू पाठमोरा बसलेला. बोटं मांडीवर टकटक, टकटक.

रंजू थांबली. आम्ही वाट बघत होतो.

मग किट्टू म्हणाला, "हं, वाजव की गं."

नंजुंडा फस्सकन हसला. "बघा नाटक! विचार करायला वेळ काढतोय!" रंजूनं परत वाजवलं, आणखी जोरात. किट्टू बसलेला. मग जरा चिडून, पाठमोराच, "अरे, आज वाजवणार आहात का नाही?"

मोहन म्हणाला, "काका, वाजवलं."

काही नाही.

"काका." मग मोठ्यानं, "काका!"

किट्टू समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता, मान जरा तिरकी करून, शाळेत हजेरीत आपलं नाव कधी येतं म्हणून पोरं बसतात तसा.

नंजुंडाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. रंजू चादर बाजूला करून बाहेर आली. मी खाली बसले नाही, रडले नाही. पायात चप्पल घातली, दगडाला वळसा घालून त्याच्या समोर गेले, आणि तोंड नीट हलवून विचारलं, "किट्टू, कधीपासून?"

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. त्याला कळलं.

म्हणाला, "आधी चिमण्या गेल्या, वैनी. मग रंजूचा आवाज, बारीक आहे ना तिचा. मग फोन. मग सगळंच. ह्याचा आवाज तेवढा टिकला होता बरेच दिवस," नंजुंडाकडे बोट करून, "मोटारीसारखा आहे म्हणून."

"आणि आम्हाला सांगायला काय झालं होतं?"

"सांगून काय? दाताला येतंय की. लहानपणापासून तेच खरं वाटत आलंय. मला वाटायचं सगळ्यांनाच तसं ऐकू येतं, नंजुंडा नुसता हट्ट करतो."

तेव्हा मला सगळं मागचं उलगडलं. भाताचं विचारलं तर लाकडाचं उत्तर का. वैऱ्याचं तोंड उजेडात का. माणसं नुसती तोंड हलवतात असं तो म्हणायचा, आणि आम्ही ते चेष्टेचं समजून हसायचो. त्याला जसं दिसत होतं तसंच तो सांगत होता.

नंजुंडा आला आणि किट्टूच्या समोर उकिडवा बसला, उन्हात, तोंड वर करून. सावकाश म्हणाला, "लाकूडच जिंकलं रे, किट्टप्पा. मी हरलो. माझी डबी हरली."

किट्टूनं त्याच्याकडे बघितलं. "खोटं. तुझ्या ओठांना खोटं नीट बोलता येत नाही."

मग दोघंही हसले, आणि नंजुंडा उपरण्यानं नाक पुसत मोटारींकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉफीला हजर, परत वायरु वायरु सुरू. फक्त आता स्वतःहून उजेडातल्या स्टुलावर बसतो, आणि जरा सावकाश भांडतो.

मोहननं गौंडीला येऊ नको म्हणून सांगितलं. कार अजून गल्लीतच आहे, परवा परत आरसा गेला. कानाच्या डॉक्टरकडे नेला किट्टूला. कानात घालायचं यंत्र मिळालं. त्यानं ते घातलं, जरा वेळ ऐकलं आणि काढून ठेवलं. म्हणाला, ह्यात पण नंजुंडाचीच डबी आहे.

मी त्याला म्हटलं, "ते मेज घे. कर त्याची गिटार. किती दिवस मागत होतास, मी मेल्यावर कर म्हणायची. घे आता." त्यानं करवत आणली. मेजावर हात फिरवला, कडेला दात लावले, बराच वेळ तसाच राहिला. मग करवत भिंतीला अडकवली. "नको, वैनी. तुझं थप्प थप्प ह्याच्यात आहे. कापलं तर फळ्या होतील."

आता रंजू रविवारी मेजाच्या त्या टोकाला गिटार टेकवून वाजवते, स्पीकर न लावता. ह्या टोकाला किट्टू जबडा टेकून बसतो. मध्येच सांगतो, "दुसरी तार उतरलीय." आणि उतरलेली असते. एक दिवस मला म्हणाला, तू पण बघ. माझे दात तर गेले, कवळी आहे. मी हाडच टेकलं, गालाचं. मला फणस कळला नाही, खोका कळला नाही. पण काहीतरी आलं, खोल, पाठीच्या मणक्यापर्यंत. मी म्हटलं, हे रोज ऐकतोस होय? बोटं मात्र तेवढा वेळ गप्प होती त्याची.

जेवायला बोलवायचं तर हाक मारून उपयोग नाही. म्हणून मी पेटीतनं एक ठसा काढून ठेवलाय, लहान, आंब्याच्या कोयरीचा. भात झाला की शेडच्या दारात जाते आणि मेजावर मारते. थप्प. तो कुठेही असू दे, मेजाला त्याचा हात नाहीतर कोपर लागलेलंच असतं. मान वर करतो. लहान होता तेव्हा करायचा तशीच.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. म्हैसूरला मंडी मोहल्ल्यात आमच्या गल्लीत आलात तर किट्टूला मागून हाक मारू नका, आणि ओरडू तर नकाच. तो मेजाच्या दाराकडच्या टोकाला, शेडच्या चौकटीला पाठ लावून काम करत असतो. चौकटीवर बोटानं टकटक करा, समोर उजेडात या, आणि तो वर बघेपर्यंत थांबा.